स्कॅनर ड्रायव्हरच्या पर्यायांची कमांड लाइनवरून निश्चिती : हिंगोली जिल्ह्यातील जुन्या महसुली अभिलेखांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : स्कॅनर, ड्रायव्हर, कमांड लाइन, सेन प्रणाली, महसुली अभिलेख, मोडी लिपी, उर्दू दप्तर, मराठवाडा

प्रस्तावना

मराठवाड्यातील जुन्या दप्तरांना अलीकडच्या काळात पुन्हा महत्त्व प्राप्त झाले आहे. मराठवाड्यातील मराठा समाजातील पात्र व्यक्तींना कुणबी, मराठा-कुणबी अथवा कुणबी-मराठा असे जात प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरविण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्म-मृत्यू नोंदवही, शाळांचे प्रवेश निर्गम उतारे, १९५१ ची राष्ट्रीय नोंदवही अशा अनेक प्रकारच्या कागदपत्रांची तपासणी सुरू झाली. उर्दू व मोडी लिपीतील कागदपत्रांचे भाषांतर करून ती डिजिटल स्वरूपात जतन करावीत व सार्वजनिकरीत्या उपलब्ध करून द्यावीत, असेही ठरले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या अनुषंगाने शासन निर्णय निघाला आणि या कागदपत्रांकडे पुन्हा एकदा सर्वांचे लक्ष वेधले गेले.

या चर्चेत कागद सापडला की नाही याचा विचार होतो. परंतु सापडलेल्या कागदाची प्रतिमा कशी घेतली गेली, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक, जीर्ण पान वारंवार हाताळता येत नाही. एकदा स्कॅनिंग झाले की पुढील सर्व वाचन, भाषांतर व पडताळणी त्या प्रतिमेवरूनच होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून स्कॅनरला दिलेल्या सूचना या केवळ तांत्रिक बाबी राहत नाहीत. त्यांच्यावर एखाद्या कुटुंबाची नोंद वाचता येणे अथवा न येणे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात स्कॅनर ड्रायव्हरचे पर्याय कमांड लाइनवरून कसे ठरवावेत आणि हिंगोली जिल्ह्यातील दप्तराच्या स्वरूपानुसार कोणती निवड योग्य ठरते, याचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे

१) हिंगोली परिसरातील जुन्या महसुली अभिलेखांची स्कॅनिंगच्या दृष्टीने महत्त्वाची वैशिष्ट्ये नोंदविणे.
२) स्कॅनर ड्रायव्हर व त्याचे पर्याय यांची रचना समजावून देणे.
३) कमांड लाइनवरून पर्याय निश्चित करण्याची पद्धत व त्यातील संभाव्य चुका स्पष्ट करणे.
४) प्रतिमांच्या विश्वासार्हतेसाठी आवश्यक नोंदी सुचविणे.

१. अभिलेखांचे स्वरूप

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या कारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली, तर गावपातळीवरील लिखाणात मोडीचा वापर होत राहिला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. परिणामी एकाच गावाच्या दप्तरात उर्दू, मोडी आणि देवनागरी अशा तीन लिप्या आढळू शकतात.

कालगणनेचाही प्रश्न आहे. संस्थानी कागदांवर फसली सन असतो. दक्षिणेतील फसली सनात ५९० मिळविले असता ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. उदाहरणार्थ, फसली १३५७ हे वर्ष १९४७ मध्ये सुरू झाले. शिवाय १९९९ पूर्वीच्या कागदांवर जिल्हा परभणी असतो. प्रतिमांच्या फाइलींना नावे देताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

लिपीचे स्वरूप सर्वांत महत्त्वाचे आहे. मोडी ही धावती लिपी असून तिच्यातील अनेक अक्षरांतील भेद लहान गाठी व वळणे यांवर अवलंबून असतो. उर्दूच्या नस्तालिक वळणात नुक्त्यांना निर्णायक महत्त्व असते. 'कुणबी' हाच शब्द घेतला तर त्यात 'नून' आणि 'बे' ही अक्षरे शेजारी येतात. शब्दाच्या मध्यभागी या दोन्हींचा आकार सारखाच, एका लहान दातासारखा असतो. नुक्ता वर असेल तर 'नून' आणि खाली असेल तर 'बे', एवढाच त्यांच्यातील फरक. हा नुक्ता प्रतिमेतून नाहीसा झाला तर शब्दाचे वाचन संदर्भावर व तर्कावर सोपवावे लागते. घाईत लिहिलेल्या शिकस्ता वळणात मूळ लेखकानेच काही नुक्ते गाळलेले असतात. जे उरले आहेत ते यंत्राने पुसू नयेत, ही किमान अपेक्षा होय.

२. ड्रायव्हर आणि त्याचे पर्याय

स्कॅनर हे यंत्र आणि संगणकावरील उपयोजन प्रणाली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. विंडोज प्रणालीत 'ट्वेन' हे १९९२ पासूनचे प्रमाणक व 'विया' ही व्यवस्था प्रचलित आहे. ट्वेनमध्ये सामान्यतः ड्रायव्हर स्वतःची खिडकी पडद्यावर उघडतो व वापरकर्ता त्या खिडकीत माउसने पर्याय निवडतो. लिनक्स व तत्सम प्रणालींवर 'सेन' ही मुक्त व्यवस्था वापरली जाते. तिच्यात यंत्राशी बोलणारा भाग, म्हणजे बॅकएंड, आणि वापरकर्त्याशी बोलणारा भाग, म्हणजे फ्रंटएंड, हे मुळातच वेगळे ठेवलेले आहेत. डेबियनवर आधारित लिनक्स वितरणांत ती सहज उपलब्ध होते; सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली याच कुळातील आहे.

सेनची विशेषता अशी की बॅकएंड स्वतःच्या प्रत्येक पर्यायाचे वर्णन स्वतःच करतो. पर्यायाचे नाव, त्याचा प्रकार (होय-नाही, पूर्णांक, अपूर्णांक अथवा शब्द), त्याचे एकक (मिलिमीटर, डीपीआय, टक्के इत्यादी) आणि त्याच्या मूल्यावरील मर्यादा ही माहिती तो फ्रंटएंडला पुरवितो. त्यामुळे फ्रंटएंडला यंत्राची पूर्वमाहिती असण्याची गरज राहत नाही. 'स्कॅनइमेज' हा सेनचा कमांड लाइनवरील फ्रंटएंड होय.

खिडकीऐवजी कमांड लाइन का वापरावी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. एका पानासाठी खिडकी सोयीची असते, यात शंका नाही. परंतु हजारो पाने अनेक दिवस, वेगवेगळे कर्मचारी स्कॅन करीत असतील तर खिडकीतील निवड रोज तीच राहील याची खात्री देता येत नाही. कमांड लाइनवर दिलेली आज्ञा मात्र लिहून ठेवता येते, तपासता येते आणि अक्षरशः तशीच पुन्हा देता येते. विंडोजवर काम करणाऱ्यांना 'नॅप्स-२' या मुक्त प्रोग्रामच्या कन्सोल आवृत्तीतून याच प्रकारची सोय मिळते.

३. पर्याय विचारणे व ठरविणे

पुढील आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकित करावयाच्या असतात. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे जोडलेले स्कॅनर पाहणे. 'स्कॅनइमेज --लिस्ट-डिव्हायसेस' या आज्ञेने उपलब्ध यंत्रांची यादी मिळते. यंत्राच्या नावात प्रथम बॅकएंडचे नाव व नंतर जोडणीचे स्थान येते. यूएसबी जोडणीच्या अनेक यंत्रांत हे स्थान केबल काढून पुन्हा लावल्यावर बदलते. म्हणून जुने नाव कायमचे लिहून ठेवण्याऐवजी प्रत्येक सत्राच्या आरंभी यादी नव्याने घ्यावी.

दुसरी पायरी म्हणजे त्या यंत्राचे पर्याय विचारणे. त्यासाठी 'स्कॅनइमेज --डिव्हाइस-नेम=(यंत्राचे नाव) --ऑल-ऑप्शन्स' ही आज्ञा आहे. उत्तरात प्रत्येक पर्यायापुढे त्याची संभाव्य मूल्ये आणि चौकटी कंसात त्याचे सध्याचे मूल्य दिसते. काही पर्यायांपुढे 'इनॲक्टिव्ह', म्हणजे निष्क्रिय, असे लिहिलेले असते. याचा अर्थ तो पर्याय यंत्रात नाही असा नसून अन्य पर्यायांच्या सध्याच्या स्थितीत तो लागू होत नाही, असा आहे. उदाहरणार्थ, काळ्या-पांढऱ्या प्रतिमेचा 'थ्रेशोल्ड' हा पर्याय रंगीत मोडमध्ये निष्क्रिय असू शकतो.

यावरून पर्यायांच्या क्रमाचे महत्त्व लक्षात येते. स्कॅनइमेज ही आज्ञा पर्याय दिलेल्या क्रमाने लागू करते. आधी 'सोर्स' (पान कोठून घ्यावयाचे), मग 'मोड', मग 'रेझोल्युशन', मग पानाचे माप आणि शेवटी सूक्ष्म पर्याय, असा क्रम ठेवावा. तसेच मागितलेले मूल्य यंत्राला शक्य नसेल तर बॅकएंड जवळचे मूल्य स्वीकारू शकतो व मूल्य बदलल्याचा संदेश पडद्यावर येतो. हे संदेश दुर्लक्षित न करता नोंदवहीत उतरून घेणे आवश्यक आहे.

४. पर्यायांची निवड

अ) मोड : 'लाइनआर्ट', 'ग्रे' आणि 'कलर' हे तीन प्रमुख मोड आहेत. लाइनआर्टमध्ये प्रत्येक बिंदू केवळ काळा अथवा पांढरा होतो व थ्रेशोल्ड हे मूल्य ती सीमारेषा ठरविते. समजा, ० म्हणजे काळा व २५५ म्हणजे पांढरा असे मोजले असता पिवळ्या पडलेल्या कागदाची उजळता १९० आणि फिक्या शाईची १५० आहे. थ्रेशोल्ड १२८ असेल तर शाईदेखील पांढरी ठरते आणि अक्षर पूर्णपणे नाहीसे होते. थ्रेशोल्ड १६० केला तर अक्षर परत येते. परंतु १५५ उजळतेचा ओलीचा डागही काळा होऊन अक्षरावर पसरतो. म्हणजे एकाच पानाला सर्वत्र लागू पडेल असा थ्रेशोल्ड जुन्या कागदाच्या बाबतीत बहुधा मिळत नाही. ग्रे मोडमध्ये या छटा जशाच्या तशा राहतात व काळे-पांढरे रूपांतर नंतर, पानागणिक वेगळ्या मूल्याने करता येते. ग्रेवरून लाइनआर्ट केव्हाही तयार करता येते, मात्र लाइनआर्टवरून ग्रे परत मिळविता येत नाही. लाल शाईतील दुरुस्ती, रंगीत शिक्के अथवा वेगवेगळ्या शाईतील नोंदी असल्यास कलर मोडच घ्यावा, कारण नंतर घुसडलेली नोंद ओळखण्यास शाईचा रंग साहाय्यभूत ठरू शकतो.

ब) रेझोल्युशन : एका इंचात घेतलेल्या बिंदूंची संख्या डीपीआयमध्ये सांगितली जाते. बारीक टाकाने दिलेला ०.४ मिलिमीटर व्यासाचा नुक्ता २०० डीपीआयला सुमारे ३ बिंदूंचा, ३०० ला सुमारे ५ बिंदूंचा आणि ६०० ला सुमारे ९ बिंदूंचा होतो. साध्या टंकलिखित कागदास ३०० डीपीआय पुरेसे असते. बारीक नस्तालिक व मोडी लिखाणासाठी ४०० ते ६०० डीपीआय घेणे हितावह ठरते.

क) साठवणुकीचा हिशेब : ए-४ मापाच्या पानाचे ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. संकोचन न करता लाइनआर्टमध्ये अशा पानास सुमारे १.१ एमबी, ग्रेमध्ये ८.७ एमबी आणि कलरमध्ये २६.१ एमबी जागा लागते. ६०० डीपीआयला हीच जागा चौपट होते. एक हजार पानांसाठी ३०० डीपीआयवर ग्रे मोडमध्ये ८.७ जीबी जागा पुरते. आजच्या साठवण साधनांच्या दृष्टीने ही जागा फार नाही. जागा वाचविण्यासाठी लाइनआर्ट निवडण्याचे समर्थन त्यामुळे करता येत नाही.

ड) पानाचे माप : डावी व वरची सुरुवात तसेच रुंदी व उंची ही चार मूल्ये बहुतेक बॅकएंडमध्ये मिलिमीटरमध्ये दिली जातात. लीगल मापाचा कागद २१५.९ गुणिले ३५५.६ मिलिमीटर असतो, तर ए-४ ची उंची २९७ मिलिमीटर आहे. उंची २९७ वरच राहिली तर लीगल पानाचा तळाचा ५८.६ मिलिमीटर भाग कोणतीही चूक न दर्शविता वगळला जातो. सही, शिक्का व दिनांक बहुधा याच भागात असतात. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातील सर्वांत मोठे पान मोजून त्यानुसार उंची द्यावी.

इ) टाळावयाचे पर्याय : काही बॅकएंडमध्ये प्रतिमा 'स्वच्छ' करणारे पर्याय असतात. फुजित्सू बॅकएंडमधील 'एसडब्ल्यूडेस्पेक' हा पर्याय दिलेल्या व्यासापर्यंतचे सुटे ठिपके काढून टाकतो. धूळ घालविण्यास तो उपयुक्त आहे. परंतु यंत्राच्या दृष्टीने नुक्ता आणि धुळीचा कण यांत भेद नाही. ३०० डीपीआयला ५ बिंदूंचा नुक्ता व्यासमर्यादा ५ ठेवताच पुसला जाण्याचा धोका आहे. त्याच बॅकएंडमधील 'एसडब्ल्यूस्किप' हा पर्याय ठरावीक टक्क्यांहून कमी काळा भाग असलेले पान कोरे समजून वगळतो. पाठीमागील बाजूस केवळ एक ओळ अथवा सही असलेले पान यात गळू शकते. विशिष्ट रंग वगळणारा 'ड्रॉपआउट' पर्याय लाल शिक्का नाहीसा करू शकतो. अभिलेखांच्या मूळ प्रतिमेसाठी हे तिन्ही पर्याय बंद ठेवणेच योग्य होय.

५. पत्रभरणी, बॅच व नामकरण

एडीएफ, म्हणजे स्वयंचलित पत्रभरणी, ही सुट्या व मजबूत कागदांसाठीच वापरावी. रोलरमधून जाताना जीर्ण कागद फाटण्याचा धोका असतो. बांधीव नोंदवह्यांसाठी फ्लॅटबेड अथवा वरून प्रतिमा घेणारा ओव्हरहेड स्कॅनर योग्य ठरतो.

अनेक पानांसाठी 'बॅच' पर्याय आहे. त्यात फाइलच्या नावाचा साचा दिला की पानांचे क्रमांक आपोआप चढत जातात. फ्लॅटबेडवर त्यास 'बॅच-प्रॉम्प्ट' जोडल्यास प्रत्येक पानापूर्वी प्रणाली एंटर कळीची वाट पाहते व पान बदलण्यास अवधी मिळतो. एकाच बाजूने वाचणाऱ्या एडीएफवर पाठपोट कागद घ्यावयाचे असल्यास 'बॅच-इन्क्रिमेंट=२' देऊन आधी विषम व नंतर सम पाने घेता येतात. सम पानांच्या वेळी गठ्ठा उलटा होऊन क्रम शेवटून सुरू होत असल्यास वाढ उणे २ द्यावी.

ग्रे मोडमधील बांधीव नोंदवहीसाठी आज्ञा सामान्यतः अशी होईल :

स्कॅनइमेज --डिव्हाइस-नेम=(यंत्र) --मोड=ग्रे --रेझोल्युशन=४०० --फॉरमॅट=टिफ --बॅच=(नावाचा साचा) --बॅच-प्रॉम्प्ट

त्यात पानाच्या मापाची मूल्ये गठ्ठ्यानुसार जोडावीत. फॉरमॅट स्पष्टपणे देणे आवश्यक आहे. तो न दिल्यास मिळणाऱ्या 'पीएनएम' प्रकारात रेझोल्युशनची नोंद राहत नाही, तर टिफमध्ये ती राहते. जेपेगच्या संकोचनात तपशील कायमचा कमी होतो. म्हणून मूळ प्रत टिफमध्ये ठेवून नागरिकांसाठीची पीडीएफ प्रत त्यावरून तयार करावी. नावात सध्याचा तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार, मूळ कागदावरील सन व पान क्रमांक असावा. मूळ सन फसली असल्यास तो तसाच ठेवून त्यापुढे तसा निर्देश करावा. परस्पर इसवी सनात बदलू नये.

६. सामान्य अडचणी

स्कॅनर प्रशासकाच्या खात्यातून दिसतो, परंतु साध्या खात्यातून दिसत नाही, असे घडल्यास दोष बहुधा परवानगीचा असतो. अनेक वितरणांत वापरकर्त्यास 'स्कॅनर' या गटात समाविष्ट केल्याने तो दूर होतो. यादीच रिकामी येत असल्यास सेनच्या 'डीएलएल' या संरचना फाइलमध्ये संबंधित बॅकएंडचे नाव आहे का, हे पाहावे. सेनच्या प्रमाणकात कागद अडकणे, कागद संपणे व झाकण उघडे असणे यांसाठी अनुक्रमे ६, ७ व ८ असे स्वतंत्र स्थितिक्रमांक आहेत. कागद संपल्याचा संदेश बॅचच्या शेवटी येणे स्वाभाविक आहे. कागद अडकल्याचा संदेश आल्यास मात्र शेवटची प्रतिमा तपासून ते पान पुन्हा घ्यावे.

७. विश्वासार्हतेसाठी नोंदी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी अभिलेख सूचीबद्ध ठेवणे व योग्य त्या अभिलेखांचे संगणकीकरण करणे अपेक्षित आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ इलेक्ट्रॉनिक अभिलेखांच्या ग्राह्यतेविषयी असून त्याखालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलच्या हॅश मूल्याचा रकाना आहे. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळख होय. फाइलमधील एक बिंदू बदलला तरी ती बदलते. स्कॅनिंग होताच 'शा-२५६' पद्धतीने प्रत्येक फाइलचे हॅश काढून वेगळ्या यादीत ठेवणे कमांड लाइनवर एका ओळीचे काम आहे.

याखेरीज प्रत्येक गठ्ठ्यासोबत एक साधी मजकूर फाइल ठेवावी. तिच्यात दिलेली संपूर्ण आज्ञा, यंत्राचे नाव, दिनांक, 'ऑल-ऑप्शन्स'चे उत्तर, मूळ पानांची संख्या व तयार झालेल्या फाइलींची संख्या असावी. या दोन संख्या जुळल्याशिवाय गठ्ठा पुन्हा बांधू नये. नोंद न सापडल्याची तक्रार पुढे आल्यास नोंद मुळातच नव्हती, पान सुटले की प्रतिमा अस्पष्ट निघाली, याचा उलगडा या फाइलवरून होऊ शकतो.

निष्कर्ष

१) हिंगोलीसारख्या त्रिलिपीय दप्तराच्या जिल्ह्यात स्कॅनरचे पर्याय लिपीच्या गरजेनुसार ठरविले पाहिजेत. कार्यालयीन कागदांसाठीचे रूढ पर्याय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.
२) मूळ प्रतिमेसाठी किमान ग्रे मोड, बारीक हस्तलिखितासाठी ४०० ते ६०० डीपीआय आणि टिफ फॉरमॅट ही निवड योग्य ठरते. ठिपके, कोरी पाने अथवा रंग वगळणारे पर्याय बंद ठेवावेत.
३) कमांड लाइनचा खरा लाभ वेगापेक्षा एकसारखेपणात व पडताळणीच्या शक्यतेत आहे. लिहून ठेवलेली आज्ञा हाच कामाचा पुरावा ठरतो.
४) नोंद कोणाच्या दाव्यास अनुकूल आहे वा प्रतिकूल, हे ठरविणे स्कॅन करणाऱ्याचे काम नव्हे. कागदावर जे आहे ते, नुक्त्यासह, प्रतिमेत उतरविणे एवढेच त्याचे कर्तव्य आहे. आणि ते पार पडले तरच पुढील वाचन व निर्णय यांना विश्वासार्ह आधार मिळतो.